रात्री अकराला भडंगाचा डबा उघडणाऱ्या ताईंसाठी

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. या ताई सांगलीत विश्रामबागला राहतात, वय चाळिशीच्या अलीकडे, नोकरी करतात, घरी नवरा, शुगर असलेल्या सासूबाई आणि दोन मुलं. दिवसभर डाएट कडक, डब्यात एक चपाती आणि काकडी, रात्रीचा भात बंद, गुरुवारचा उपवास, आणि मग सगळे झोपले की किचन कट्ट्यापाशी उभं राहून भडंग, फरसाण, मुलांची बिस्किटं, हाताला येईल ते. त्यानंतर रडू येतं, सकाळी वजनकाट्यावर उभं राहायचं आणि परत कडक डाएट सुरू. स्वयंपाकघरात पाय टाकावासा वाटत नाही असंही लिहिलंय. आणि शेवटी जे एक वाक्य लिहिलंय त्याच्यासाठीच मी एवढं लांब उत्तर द्यायला बसलेय, की बारा वर्षांची लेक परवा ताटातला भात बाजूला सारून म्हणाली, मम्मी, मी पण जाड होईन.

मी आहारतज्ज्ञ म्हणून सांगली-मिरजेत बरीच वर्षं काम करतेय, तासगाव, पलूस, वाळवा, कराडकडनंही बायका येतात, आणि तुम्ही लिहिलाय तसाच्या तसा दिवस मी कितीतरी जणींच्या तोंडून ऐकलाय. त्यामुळं पहिलं सांगते ते हे की रात्री अकराला जे होतंय त्यात तुमचा मनाचा कमकुवतपणा शोधू नका, ती भूक आहे. साधी पोटातली भूक. हिशोब मांडून बघा की. सकाळी चहा आणि अर्धी वाटी पोहे, दीडला एक चपाती, पाचला नुसता चहा, सातला घरी येऊन पाच माणसांचा स्वयंपाक, साडेनऊला वाटीभर आमटी आणि गाजर. ह्यात ऑफिस, स्कूटरवरची ये-जा, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं सगळं आलं. एवढ्यावर कुठलंही शरीर रात्री खायला मागणारच. दिवसभर दाव्याला बांधलेलं वासरू सुटल्यावर उधळतं, तेव्हा आपण वासराला नावं ठेवत नाही.

हे मी मनाचं सांगत नाही. १९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुण घेऊन एक प्रयोग सुरू केला, युद्धात लढायला नकार दिलेली आणि ह्या प्रयोगासाठी स्वतःहून पुढं आलेली पोरं होती ती. आधी काही आठवडे पोटभर जेवण दिलं आणि मग २४ आठवडे साधारण निम्मं, म्हणजे दिवसाला १६०० कॅलरीच्या आसपास, शिवाय आठवड्याला ३५ किलोमीटर चालायचं. वजन सरासरी पाव हिश्शानं उतरलं, ते अपेक्षितच होतं. पण त्या पोरांच्या डोक्यात जे झालं ते वाचून मला माझ्या पेशंट आठवल्या. ज्यांना स्वयंपाकात काडीचा रस नव्हता ती पोरं रेसिपीची पुस्तकं गोळा करायला लागली, झोपताना पदार्थांची वर्णनं वाचायची, ताटातलं तासन्‌तास चिवडत बसायची, ताटं चाटायची, चिडचिडी आणि उदास झाली, काहींनी नियम मोडून चोरून खाल्लं. आणि जेवण परत पूर्ववत केल्यावरही कितीतरी दिवस खाऊन खाऊन त्यांचं पोट भरल्यासारखं वाटेना. ती उंचपुरी तरुण पोरं, त्यांची गरज आपल्यापेक्षा जास्त, हे मान्य. तरीपण व्हॉट्सॲपवर फिरणारा १२०० कॅलरीचा चार्ट डोळ्यांपुढं आणा आणि मग रात्री मोबाईलवर पुरणपोळीचे, मिसळीचे व्हिडिओ का बघत बसतो, त्याचं उत्तर तुम्हीच द्या.

म्हणून अन्नाशी शांतपणा पाहिजे असेल तर त्याची सुरुवात ध्यानापासून किंवा डायरी लिहिण्यापासून मी कधीच करत नाही. दिवसा पोटभर खाण्यापासून करते. उपाशी माणसाला शांत मनानं, एकेक घास चावत जेव म्हणणं मला बरोबर वाटत नाही. आधी पोट भरलेलं असू दे सलग दोन-तीन आठवडे, ठरलेल्या वेळेला, मग बाकीचं.

तर उद्याच्या डब्यात दोन चपात्या किंवा एक भाकरी, त्याच्याबरोबर कोरड्यास म्हणजे भाजी, आणि एखादी उसळ नाहीतर दही नाहीतर उकडलेली दोन अंडी. काकडी राहू दे की, काकडीचं काही वाकडं नाही, फक्त काकडी म्हणजे जेवण नव्हे. आणि पाच वाजताचं खाणं तर अजिबात चुकवायचं नाही, माझ्या मते तुमची सगळी गडबड दीड ते साडेनऊ ह्या आठ तासांत आहे. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक डबी ठेवा, मूठभर भाजके शेंगदाणे आणि गुळाचा खडा, नाहीतर फुटाणे, नाहीतर एक केळं. मूठभर म्हणजे तीसेक ग्रॅम शेंगदाण्यात सात ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळतं आणि साडेनऊपर्यंत तग धरता येतो. घरी आल्यावर कणीक मळताना जी तोंडात एक पापडी, एक फरसाणाचा बकाणा अशी सटरफटर खाणी चालतात तीपण ह्यानं आपोआप कमी होतात, बघा तुम्ही.

उपवासाचं एवढंच सांगते. गुरुवार श्रद्धेनं धरत असाल तर जरूर धरा, त्यात मी पडत नाही. पण श्रद्धेचा उपवास आणि वजनाचा उपवास एकाच दिवशी एकत्र करू नका, देवाच्या नावाखाली डाएट चाललंय हे आपलं आपल्याला कळत असतं. उपवासाच्या दिवशी नुसता साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यापेक्षा भगर, शेंगदाण्याची आमटी, दही, राजगिरा असं नीट जेवण करा.

आता मला जास्त बोलायचंय त्या विषयाकडं येते, स्वयंपाक नकोसा होण्याकडं. तुम्ही लिहिलंय की मला आळस आलाय. मला तसं वाटत नाही. तुमचं पूर्ण पत्र वाचताना मी एक गोष्ट शोधत होते आणि ती मला सापडली नाही, ती म्हणजे तुम्ही बसून जेवल्याचा उल्लेख. सगळ्यांना वाढता, नवऱ्याला गरम, मुलांना गरम, सासूबाईंना पथ्याचं वेगळं, आणि मग स्वतः कट्ट्यापाशी उभं राहून पातेल्यातलं उरलेलं. ज्या स्वयंपाकातला एकही गरम घास करणारीच्या वाट्याला येत नाही तो स्वयंपाक तिला प्रिय कसा वाटेल? ह्यावर कितीही माइंडफुलनेस, म्हणजे लक्ष देऊन जेवणं, शिकवलं तरी उपयोग नाही.

आपल्या भागात ह्याचं एक मोठं कारण आहे तव्यावरच्या गरम भाकरीचा हट्ट. तव्यावरनं थेट ताटात पडली पाहिजे, तीपण फुगलेली, त्याशिवाय घास उतरत नाही. त्यामुळं करणारी शेवटपर्यंत गॅसपाशी आणि बाकीचे ताटावर. मला भाकरी जिवापाड आवडते आणि गरम भाकरीची चव वेगळी असते हे मी नाकारत नाही. पण रोजच्या रोज चार माणसांच्या चवीसाठी एका माणसाचं जेवण मोडायचं हा सौदा मला पटत नाही. शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची भाकरी नीट भाजलेली असेल तर फडक्यात गुंडाळून दुरडीत किंवा डब्यात ठेवल्यावर वीस मिनिटांनीपण मऊ लागते. पीठ ताजं पाहिजे एवढंच, जुन्या पिठाची विरी म्हणजे चिकटपणा जातो आणि मग भाकरी थापताना कडा फुटतात, गार झाली की वातड होते. ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नसतं, त्यामुळं पिठाला धरून ठेवायचं काम गरम पाणीच करतं, तेव्हा पाणी चांगलं कडक घ्यायचं, आधी चमच्यानं कालवायचं, मग हाताला सोसेल तसं तळहाताच्या टाचेनं रगडून मळायचं. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळलं तर आणखी बरं. तव्यावर टाकली की वरनं पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी पूर्ण सुकायच्या आत उलथायची, उशीर झाला की पापुद्रा सुटत नाही.

एवढं बारीक सांगायचं कारण असं की सगळ्या भाकऱ्या आधी करून, गॅस बंद करून, पाचही ताटं एकाच वेळी मांडायची, तुमच्या ताटासकट. नवऱ्यानं ताटं घ्यायची, मुलांनी पाणी, लिंबू, कांदा, चटणी मांडायची. तुमचं ताट पहिलं वाढायचं, हो, पहिलं. सासूबाईंना काय वाटेल असं तुम्हाला वाटणार, मला माहितीये. त्यांना वाद घालून पटवू नका, त्यांना असं सांगा की आई, डॉक्टरांनी मला वेळेवर बसून जेवायला सांगितलंय, तुम्ही पण माझ्यासोबत बसा. माझ्या अनुभवात कितीतरी सासूबाईंना हे मनातनं आवडतं, कारण त्यांनी स्वतः आयुष्यभर सगळ्यांच्या मागनं, गार झालेलं, कोपऱ्यात बसून खाल्लेलं असतं आणि त्यांना कुणी कधी बस म्हटलेलं नसतं.

आणि उरलेलं संपवायचं काम तुमच्या पोटाचं नाही. अन्न वाया घालवू नये हे आपल्या हाडीमाशी भिनलंय आणि ते चांगलंच आहे, पण पोट भरलेलं असताना वाटीभर भाजी उरली म्हणून पोटात ढकलणं ह्यानंही ती कुणाच्या उपयोगी पडत नाही. फ्रीजला टाका. सकाळी उरलेली भाकरी कुस्करून कांदा-मिरचीची फोडणी द्या, वरनं शेंगदाण्याचं कूट, नाष्टा झाला. आमटी उरली तर त्यातच चकोल्या, म्हणजे लाटलेल्या कणकेचे तुकडे, सोडा.

स्वयंपाक लहान करा. रोज भाजी, आमटी, भात, भाकरी, चपाती, कोशिंबीर हा पूर्ण थाट नोकरी करणाऱ्या एका बाईनं एकटीनं संध्याकाळी दोन तासांत उभा करायचा, ही अपेक्षा मुळातच जास्त आहे. वार लावून टाका. सोमवारी मुगाची खिचडी आणि कढी, मंगळवारी उडदाच्या डाळीचं घुटं, भाकरी आणि कांदा, बुधवारी मटकीची उसळ, एक दिवस चकोल्या, एक दिवस पिठलं-भाकरी आणि खर्डा, शनिवारी पालेभाजीचं गरगटं, रविवारी मटण किंवा अंडाकरी, जे घरात चालतं ते. रोज संध्याकाळी आज काय करू, आज काय करू हा प्रश्न डोक्याला जो शीण देतो तो प्रत्यक्ष स्वयंपाकापेक्षा जास्त असतो. आणि आपल्याकडं तर अर्धं काम उन्हाळ्यातच झालेलं असतं की, वर्षाची कांदा-लसूण चटणी डब्यात असते, ती असली की कालवणाला वाटण करत बसायची गरज नाही, तेलात कांदा परतला, चटणी टाकली, कूट टाकलं, कोरेगावकडचा घेवडा आदल्या रात्री भिजवून कुकरला लावलेला असला की विषय संपला. चार शिट्ट्या होईपर्यंत तुम्ही हातपाय धुऊन येता.

कामाची वाटणीपण ह्याच्यातच येते. लसूण सोलणं, मटार सोलणं, मेथी निवडणं, हे टीव्हीपुढं बसून मुलगा, मुलगी, नवरा कुणीही करू शकतं. मुलीला एकटीला लावू नका, मुलाला आधी लावा.

एवढं झालं, म्हणजे दिवसा पोटात अन्न गेलं, रात्री ताटावर बसायला मिळालं, की मग लक्ष देऊन जेवण्याचं बोलायला अर्थ आहे. तुम्ही लिहिलंय की कुठंतरी वाचून तुम्ही एकेक घास बत्तीस वेळा चावून बघितला आणि तिसऱ्या दिवशी सोडून दिलं. सोडलं ते बरं केलंत. मोजत जेवणं हीपण एक परीक्षाच झाली, आणि परीक्षांनीच तर तुमचा जीव नकोसा केलाय.

मी वेगळं करायला सांगते, आणि त्याच्यासाठी सांगलीत राहणाऱ्या माणसाला सामान शोधायला लांब जावं लागत नाही. १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये जॉन कबात-झिन यांनी ताण कमी करण्यासाठी आठ आठवड्यांचा एक कोर्स सुरू केला, तो पुढं जगभर गेला, आणि त्या कोर्सची ओळख एका बेदाण्यानं करून देतात. हो, एका बेदाण्यानं. आपल्याकडं तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पट्ट्यात फेब्रुवारी ते एप्रिल शेडमधल्या जाळ्यांवर जो पसरलेला असतो तोच. साधारण चार किलो द्राक्षं वाळून एक किलो बेदाणा होतो, त्याला पंधरा-वीस दिवस लागतात.

एक बेदाणा तळहातावर घ्या. उजेडाकडं धरून बघा, हिरवट पिवळा, कडेनं जरा पारदर्शक, एका टोकाला देठ तुटल्याचा बारीक टिपका असतो. बोटांत फिरवा, सुरकुत्या कुठं खोल, कुठं उथळ आहेत ते लागतं हाताला. नाकाशी धरा. मग ओठांवर, मग जिभेवर, पण लगेच चावायचं नाही, तोंडाला पाणी सुटतंय ते नुसतं जाणवू दे. मग एकदा दाताखाली, आणि गोड कधी लागतं, आंबट आधी लागतं का गोड, घशाखाली गेल्यावर तोंडात काय उरतं, एवढंच. एका मिनिटाचं काम आहे. माझ्याकडं येणाऱ्या बऱ्याच जणींनी बेदाणे आयुष्यभर मुठीमुठीनं खाल्लेले असतात, कित्येकींच्या घरची बाग असते, आणि तरी एक बेदाणा असा खाल्ल्यावर म्हणतात, मॅडम, एकाच दाण्यात एवढं असतंय होय.

हे रोज करायचं नाही आणि पूर्ण जेवण तर असं कधीच जेवायचं नाही, भाकरी गार होईल. रोजच्या जेवणात फक्त पहिले तीन घास असे खा. ताटावर बसल्यावर मोबाईल दुसऱ्या खोलीत, टीव्ही बंद, शाळेत डब्याआधी जो श्लोक म्हणायचो तो म्हणायची सवय असेल तर म्हणा, त्या अर्ध्या मिनिटात हात थांबतो, आणि तेवढंच थांबणं पाहिजे असतं. मग तीन घास नीट, मग खुशाल गप्पा मारत जेवा. ताटातलं निम्मं झालं की एकदा मनात विचारायचं, अजून भूक आहे का. असेल तर वाढून घ्या. पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, त्यामुळं पाच मिनिटांत ताट संपवणाऱ्याला कळतच नाही आपलं कधी झालं ते. आणि एक अपेक्षा आत्ताच सोडून द्या, ह्यानं वजन उतरेल म्हणून हे करू नका. लक्ष देऊन खाण्यावर जे संशोधन झालंय त्यात अधाशासारखं खाणं आणि मन बिघडलं म्हणून खाणं ह्यावर चांगला फरक दिसतो, वजनाच्या बाबतीत मात्र तसे ठाम निष्कर्ष नाहीत. वजनासाठी केलं तर हेपण चौथ्या आठवड्यात डाएटच होऊन बसतं.

भडंगाबद्दल आता. भडंग घरात आणणं बंद करू नका. सांगलीत राहून भडंग बंद करणार म्हणजे किती दिवस टिकणार? चुरमुरे, शेंगदाणे, लसूण, तिखट, थोडं तेल, ह्यात घाबरण्यासारखं काय आहे? तुम्हाला त्रास भडंगाचा होत नाही, चोरून खाण्याचा होतो. म्हणून ते संध्याकाळी पाचला-सहाला, सगळ्यांसमोर, वाटीत घेऊन, वर कच्चा कांदा-कोथिंबीर घालून, बसून खा. आणि रात्री अकराला परत खावंसं वाटलंच, वाटेल सुरुवातीला, तर तेव्हाही लाईट लावा, वाटीत काढा, खुर्चीवर बसा आणि खा. डब्यात हात घालून अंधारात उभ्यानं नाही. खाऊन झाल्यावर दुसऱ्या दिवशीचा नाष्टा मात्र बुडवायचा नाही, शिक्षा म्हणून तर नाहीच नाही, कारण ते चक्र सुरूच होतं त्या बुडवलेल्या नाष्ट्यापासून. वजनकाटा माळ्यावर टाका. मीठ, पाणी, पाळी ह्यानं वजन दिवसात किलो-दीड किलो इकडंतिकडं होतं, तेवढ्यासाठी रोज सकाळी स्वतःचा मूड त्याच्या हातात द्यायचा?

भात वाईट, भाकरी चांगली, हे जे आता घराघरांत झालंय त्याचापण मला फार त्रास होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते काढून बघितले तर शंभर ग्रॅम ज्वारी, गव्हाचं पीठ, तांदूळ, सगळ्यांच्या कॅलरी साधारण ३२० ते ३६० च्या दरम्यानच आहेत. ज्वारीत फायबर दहा ग्रॅमच्या आसपास आणि पांढऱ्या तांदळात तीनच्या आत, हा फरक खरा आणि मोठा आहे, म्हणून पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, शुगरवाल्यांना बरं पडतं. पण भाकरी ही वजन उतरवायची गोळी नाही, ती आपल्या शाळूच्या रानातलं जेवण आहे, चवीनं खायचं. आणि भात-आमटीवर तूप घेऊन जेवलेला घास हा काही गुन्हा नाही. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, पोळ्या केल्या तर कटाची आमटी वरपून, दोन पोळ्या दुधातुपाशी खा आणि संध्याकाळी भूक लागेल तेव्हा भूक लागेल तेवढं जेवा. सणाच्या आदल्या दिवशी उपाशी राहून जागा करणं नको आणि दुसऱ्या दिवशी ते भरून काढणंही नको.

लेकीचं ऐकून माझ्या पोटात कालवलं, खरंच. बारा वर्षांची पोर म्हणजे पाळी सुरू व्हायचं वय, उंची वाढायचं वय, हाडं भरायचं वय. ह्या वयात वजन वाढणारच आणि वाढलंच पाहिजे. तिला भात खा म्हणून समजावत बसू नका, लेक्चर देऊ नका, तिच्यासमोर तुम्ही भात वाढून घ्या आणि खा. ती तुमचं बोलणं ऐकत नाही, तुमचं ताट बघते. घरात आजपासून जाड, बारीक, सुटली, वाळली हे शब्द बंद, पाहुण्यांनापण हसत सांगायचं की वजनाचं बोलणं आमच्याकडं नको. मुलांच्या जेवणाबद्दल एलिन सॅटर ह्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी एक सोपी वाटणी सांगितलीय जी मी सगळ्या आयांना सांगते: काय, कधी आणि कुठं जेवायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, त्यातलं किती खायचं आणि खायचं का नाही हे मुलांनी. ताट चाटूनपुसून संपव, मग आईस्क्रीम, हा व्यवहार करायचा नाही. आणि तिला तव्यापाशी उभी करणार असाल तर काम म्हणून नको, मजा म्हणून. पहिली भाकरी नकाशासारखी होईल, ती तिची तिलाच खायला द्या, वर लोणी घालून.

सासूबाईंसाठी वेगळा स्वयंपाक करणं थांबवा, तो सगळ्यात मोठा बोजा आहे आणि बहुतेक वेळा गरजेचाही नसतो. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये काढलेल्या सूचनांत ताटाचा साधारण अर्धा भाग भाज्या-फळांचा असावा म्हटलंय, ते घरातल्या सगळ्यांनाच लागू आहे. जे सगळ्यांना तेच त्यांना, फक्त आधी भाजी, कोशिंबीर, उसळ खायची आणि भाकरी-भात नंतर घ्यायचा, ह्या क्रमानं जेवणानंतरची शुगर कमी चढते. त्यांचं जेवण मात्र वेळेवर झालं पाहिजे, इन्सुलिन किंवा शुगर झपकन उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवण पुढं ढकलणं धोक्याचं आहे, त्यांचा डोस आणि जेवणाची वेळ ह्याबद्दल त्यांच्या डॉक्टरांशीच बोला.

आता जरा गंभीर बोलते, कारण तुम्ही पूर्ण लिहिलं नसण्याची शक्यता आहे आणि वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागू होईल. खाल्ल्यावर घशात बोटं घालून ओकारी काढणं, पोट साफ व्हायच्या गोळ्या वजनासाठी घेणं, आठवड्यातनं अनेकदा स्वतःवरचा ताबा सुटून खूप खाणं, पाळी थांबणं, चक्कर येणं, किंवा जगणंच नको वाटणं, ह्यातलं काहीही असेल तर माझ्यासारख्या आहारतज्ज्ञाचं एकटीचं ते काम नाही. हे आजार आहेत आणि त्यावर उपचार आहेत. फॅमिली डॉक्टरना सगळं सांगा, मानसोपचारतज्ज्ञ सांगली-मिरजेत आणि साताऱ्यातही आहेत, आणि घरी कुणाला सांगायचं धाडस होत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं.

तुम्ही सांगितलं त्यावरून तुमचं एवढ्यावर गेलेलं दिसत नाही, तरी एकदा हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या, सतत थकवा आहे असं लिहिलंय म्हणून. रिपोर्ट आले की आणि पाच वाजताचं खाणं तीन आठवडे चालू राहिलं की रात्रीचं काय झालं ते मला परत लिहा, म्हणजे पुढचं बघू.